साबणानं धुतलेला रांजण

घरी चिचा, म्हणजे आमची मक्याची आंबवलेली दारू, करायची असेल तर आधी एक गोष्ट ऐका. रांजण साबणानं धुवायचा नाही. मका कसला घ्यायचा, मोड किती येऊ द्यायचे, सगळं सांगते, पण आधी हे. गरम पाण्यानं विसळा, गवताच्या बोळ्यानं आतून पुसा, उन्हात पालथा घाला, बस झालं. मातीच्या अंगात जे मुरलेलं असतं तेच चिचेला उकळी आणतं, विस्तवाशिवाय. ते खरवडून काढलंत की उरतं नुसतं मक्याचं पाणी, आणि ते आमच्याकडे डुकरांना घालतात. आमच्या डोंगरातल्या पुकामायो गावात जी कुणी नवी सून रांजण मांडते तिला मी हे सांगते, आणि दर वेळी मला मेलितोन आठवतो.

मेलितोन माझा कोम्पाद्रे. त्याच्या लेकीच्या, नोएमीच्या बाप्तिस्म्याला तिची धर्ममाता म्हणून तिला हातात धरून मी उभी होते, तेव्हापासून मी त्याची कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाबहिणीपेक्षा जड. भावाला ‘गाढवा’ म्हणता येतं. कोम्पाद्रेला अहोजाहो करावं लागतं, म्हणून मी त्याला आजवर ‘तुम्ही गाढव आहात’ असंच म्हणत आले आहे.

माणूस विटा पाडायचा. माती, गवत, पाणी, आणि पाय. अर्ध्या गावाच्या भिंती त्याच्या पायांनी तुडवलेल्या मातीच्या आहेत. बोलायला कमी, आणि एक वेड डोक्यात: काहीही मोडलं की तारेनं बांधायचं. फाटक, स्टूल, चष्मा, कोंबडीचा पाय. त्याची तार लांबून ओळखू यायची, कारण शेवटी दोन पीळ देऊन टोक तो आत वळवायचा, कुणाला टोचू नये म्हणून. बायकोच्या एका छोट्या मडक्याचा कान त्यानं असाच बांधून दिला होता. ते मडकं पुढे कुत्र्यानं फोडलं असं ती म्हणाली, तेव्हा या शांत माणसानं त्या कुत्र्याला आठवडाभर शिव्या घातल्या. कुत्रं मरेपर्यंत त्याच्यावर त्याचा राग होता.

बायको कासिमिरा. तिची चिचा कशी होती हे सांगायला मला थोडा त्रासच होतो, कारण मीही चिचा करते आणि माझी काही वाईट नाही. पण खरं ते खरं. तिच्या दारात उंच काठीवर लाल पिशवी फडकली, म्हणजे आज रांजण तयार आहे, की वरच्या वाटेनं जाणारा माणूस वाट सोडून खाली उतरायचा. आंबट, पण दात न आंबवणारी. जड, पण दुपारी पुन्हा नांगर धरता येईल अशी. कुणाच्या शेतावर सावड असली, सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं असलं, की घरधनीण आधी कासिमिराला विचारायची आणि मग दिवस ठरवायची. बाटलीतल्या बियरचा तिला मनस्वी तिटकारा. म्हणायची, “माझ्या वर्षाला बाटल्या आणल्यात तर मी दारातूनच मागं फिरेन.” वर्षाला, म्हणजे मेल्यावर वर्ष झालं की. आम्ही हसायचो. मग एक दिवस ती खरंच गेली, छातीत दुखून, दळणाच्या पाट्यावरच.

पाचव्या दिवशी आमच्याकडे मेलेल्या माणसाचं सगळं नदीवर नेऊन धुतात. झगे, शाली, गोधड्या, टोपी. आत्म्याचा घराशी असलेला चिकटा सुटावा आणि त्याला वाट धरता यावी, म्हणून. हे काम सोयऱ्यांचं, नवऱ्यानं नुसतं बसायचं. पण आम्ही बायका झगे आपटत होतो तेव्हा मेलितोन पाठीवर दोरानं बांधून कासिमिराचा मोठा रांजण घेऊन आला. तोही तिचाच होता ना. पाण्यात आडवा घातला, आत खांद्यापर्यंत शिरला, आणि पुडाभर साबणाची पूड घेऊन वाळूनं घासत बसला. फेस नदीतून खाली वाहत चालला होता. त्याला थांबवायला कुणी गेलं नाही, त्या दिवशी त्याला कोण काय बोलणार? तो रडत नव्हता, घासत होता. रांजण आतून इतका स्वच्छ झाला की बोट फिरवलं तर कचकच वाजायचं.

वर्षभर त्या घरात काठीवर काही चढलं नाही. वर्ष भरत आलं तशी नोएमी शहरातून आली, तिथं ती हॉटेलात कामाला आहे. काळे कपडे उतरवण्याच्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा होते, मग अंगणात सगळं गाव जेवतं आणि पितं. पोरीनं सरळ सांगितलं की बियरची खोकी मागवू, आता सगळे तेच करतात. मेलितोन म्हणाला, नाही. फिदेलिया काकीकडून, म्हणजे माझ्याकडून, चिचा करून घेऊ, ती म्हणाली. त्यालाही तो नाही म्हणाला. मग संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात.

“कोमाद्रे, मला शिकवा,” म्हणाला. “त्या दिवशी ती येणार. घोट घेणार. तिला आपलं घर ओळखू आलं पाहिजे.”

आमच्यात पुरुष रांजणाला हात लावत नाहीत. लावला तर म्हणतात, याला आता झगा शिवा. आणि म्हणालेच. चावडीवरच्या टोळक्यानं त्याला विचारलं, की झगा हिरवा हवा की लाल, आणि लग्नासाठी मागणी घातली तर चालेल का. त्यानं सांगितलं, लाल, आणि हुंड्यात विटा घेईन. मला त्या दिवशी त्याचं फार कौतुक वाटलं.

तर आता शिका, मी त्याला शिकवलं तसं. मका बियाण्याचा घ्या, भाजलेला किंवा किडका नको. भिजवा, मग ओल्या पोत्यावर पसरा, वर गवत आणि गवतावर दगड. मोड दाण्याएवढा झाला की थांबवा. हावरटपणा करून त्याची हिरवी पात होऊ दिलीत तर गोडी पात खाऊन टाकते. उन्हात कडकडीत वाळवा, आणि जाडंभरडं दळा. पीठ केलंत तर तळाशी लागेल आणि गाळताना तुम्ही रडाल. मोठ्या पातेल्यात उकळताना ढवळणं सोडायचं नाही, हात दुखला तरी. टोपलीत गवत अंथरून गाळा. चोथा घरात पाळलेल्या गिनीपिगांना. मग निवू द्या, आणि इथंच सगळे नवशिके घाई करतात. कोपर बुडवून बघा, तान्ह्या बाळाला अंघोळ घालाल इतपत कोमट झालं की मगच विरजण घाला. गरम पाण्यात घातलंत की विरजण मेलं. विरजण म्हणजे जुन्या रांजणाचा तळाचा गाळ, दुसरं काही नाही. बेकरीतलं यीस्ट घालू नका, पावाचा वास येतो. लवकर चढावी म्हणून साखर ओतू नका, दुसऱ्या दिवशी पाहुणे डोकं धरून तुम्हाला शिव्या देतात. तोंड कापडानं बांधा पण गच्च नको, तिला श्वास लागतो. आणि रांजणासमोर भांडू नका. हे शेवटचं खरं की खोटं मला माहीत नाही, पण माझ्या आईनं सांगितलं होतं आणि मी पाळते.

मेलितोननं सगळं नीट केलं. विटांची माती मळणारा हात, त्याला ढवळणं काय शिकवायचं. पहिल्या वेळी मात्र त्यानं विरजण घातलंच नाही. म्हणाला, रांजण तिचा आहे, त्यात तिचं असेलच काहीतरी. मी म्हटलं, होतं, ते तुम्ही नदीत सोडलंत. तरी त्यानं हट्टानं तसंच भरलं आणि वर तिची शाल गुंडाळून ठेवली. रोज कान लावून ऐकायचा. एरवी रांजणातून बारीक आवाज येत असतो, पाऊस दूरच्या पत्र्यावर पडावा तसा. याच्या रांजणात काहीच नाही. शेवटी शेवाळल्यासारखा वास आला आणि सगळं डुकरांच्या पुढ्यात गेलं.

त्या दिवशी तो पहिल्यांदा रडला. म्हणाला, “मी तिला धुऊन टाकली, कोमाद्रे.” मलाही रडू आलं. मग मी डोळे पुसले आणि माझं विरजण दिलं, कारण वर्षाचा दिवस काही थांबणार नव्हता.

दुसरा रांजण छान उकळला. फेस वर आला, कापड उचललं गेलं. आम्ही दोघांनी पेले भरले, आधी धरणीला तिच्या वाट्याचा थेंब सांडला, मग प्यालो. माझं तर मन भरलं. तो पेल्यात बघत म्हणाला, चांगली आहे, पण ही तुमची आहे. मका तोच, पाणी तेच, रांजण तोच, हात त्याचा, आणि चव माझी. वर म्हणतो कसा, ती आली तर म्हणेल मी चुकून फिदेलियाच्या घरी आले. आता यात चिडण्यासारखं काय होतं? पण मी चिडले. म्हटलं, माझी चिचा प्यायला लोकांना मरावं लागत नाही. बोलून गेल्यावर जीभ चावली.

मग तो खाली बघत म्हणाला, तिची चव अजून एका ठिकाणी आहे. मला ठाऊक होतं तो कुठलं घर म्हणतोय. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

गुमेर्सिंदा. कासिमिराची शेजारीण, दोघींच्या अंगणात एकच भिंत. तिच्याही दारात लाल पिशवी लागायची, त्यावरच तिचं घर चालायचं. दोघी तरुणपणी एका ताटात जेवणाऱ्या. मग एका कार्निव्हलला, पोटात दोन पेले जास्त गेल्यावर, गुमेर्सिंदा चारचौघांत म्हणाली की कासिमिराचं विरजण मुळात माझ्या आईच्या रांजणातलं. कासिमिरा म्हणाली, उलट आहे, तुझ्या आईनं ते माझ्या सासूकडून नेलं. दोघींच्या आया-सासवा कधीच मेलेल्या, साक्ष द्यायला कोण येणार. त्या दिवसापासून बोलणं बंद. पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची हे सांगायलासुद्धा मधे तिसरं माणूस लागायचं. वर्षानुवर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य. मेलितोननं एकदा चोरून गुमेर्सिंदाची चिचा प्यायली होती, तेव्हा कासिमिरानं त्याला डाव फेकून मारला होता. त्या डावाचा दांडाही मग त्यानंच तारेनं बांधला. पण चव त्याला कळली होती. दोन्ही चिचा अगदी बहिणी-बहिणी.

अडचण मागण्याची नव्हती. विरजण मागितलं तर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही, शत्रूलासुद्धा. अडचण पुढची. ज्या घरचं विरजण, त्या घरच्या बाईचं नाव पहिल्या पेल्याला सगळ्यांसमोर घ्यायचं, ही रीत. कुणीतरी म्हातारा विचारतो, विरजण कुणाचं? आणि यजमानानं सांगायचं. म्हणजे कासिमिराच्या वर्षाला, तिच्याच अंगणात, तिच्या फोटोसमोर मेलितोनला म्हणावं लागणार: गुमेर्सिंदाचं. जन्मभराचं भांडण ती मेल्यावर नवऱ्याच्या तोंडून हरणार. मी म्हटलं, खोटं बोला, माझं नाव घ्या. त्यानं नुसती मान हलवली.

किती दिवस तो त्या भिंतीशी घुटमळत होता कुणास ठाऊक. एका सकाळी गेला. मी बरोबर होते, कारण एकट्याचे पाय उचलेनात. गुमेर्सिंदा अंगणात मका निवडत बसली होती. त्यानं टोपी काढली, मोठ्या बाईला म्हणतात तसं मानानं ‘दोन्या’ म्हणत सांगितलं, दोन्या गुमेर्सिंदा, कासिमिराच्या वर्षाला विरजण हवंय. बाईचा हात मक्यातच थांबला. तिनं विचारलं, नाव घेणार? तो म्हणाला, रीतच आहे. ती उठली. आत गेली, रंगाच्या जुन्या डब्यात गाळ घेऊन आली, आणि डबा त्याच्या हातात देताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, तोरा बघा. मनातल्या मनात मी तिला दोन कचकचीत शिव्या दिल्या.

तिसरा रांजण उकळला. त्यानं एकट्यानंच चाखला, मला बोलावलं नाही. संध्याकाळी भेटला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, चव सापडली.

वर्षाच्या दिवशी मिस्सा झाली, नोएमीनं बापाच्या अंगावरचा काळा कोट उतरवला, आणि आम्ही सगळे अंगणात आलो. टेबलावर कासिमिराचा फोटो, टोपीसकट, आणि फोटोसमोर तिचा भरलेला पेला. गुमेर्सिंदाही आली. कार्निव्हलच्या भांडणानंतर तिनं या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. दाराशीच उभी राहिली, शाल घट्ट आवळून. पेले भरले गेले. म्हातारा सिप्रियानो, ज्याला निम्मं ऐकू येत नाही पण रीत एकही चुकत नाही, तो उठला आणि त्यानं विचारलं, विरजण कुणाचं?

मेलितोन फोटोकडे तोंड करून उभा होता. म्हणाला, “दोन्या गुमेर्सिंदाचं.” मोठ्यानं म्हणाला, म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून.

मागं कुणीतरी खाकरलं. चावडीवरच्या टोळक्यालासुद्धा थट्टा सुचली नाही. लोकांनी धरणीला थेंब सांडले आणि पेले तोंडाला लावले, आणि प्यायल्यावर एकेकाचा चेहरा बदलत गेला. नोएमीनं एक घोट घेतला आणि पेला छातीशी धरून खाली बसली. “आई,” एवढंच म्हणाली.

गुमेर्सिंदानं पेला तसाच खाली ठेवला. प्यायलीच नाही. वळली आणि तडक निघून गेली. मला वाटलं, झालं, जिंकली ती, आता घरी जाऊन मिरवेल. माझ्या तोंडात चिचा कडू झाली. पण थोड्या वेळानं ती परत आली, शालीत काहीतरी धरून. टेबलाशी गेली आणि फोटोसमोर, कासिमिराच्या पेल्याशेजारी, एक छोटं मडकं ठेवलं. कानाला तार होती. दोन पीळ, आणि टोक आत वळवलेलं.

“ज्या वर्षी डोंगर खचला आणि माझ्या स्वैपाकघरात चिखल शिरला, त्या वर्षी माझा रांजण फुटला,” ती म्हणाली. “विरजण गेलं. मागायला मी कुणाकडे गेले नाही. एका सकाळी हे भिंतीवर होतं, काठोकाठ भरलेलं. कुणी ठेवलं ते मला कळलं. मी गावात सांगितलं की नणंदेनं आणून दिलं. ते तिच्याही कानावर गेलं असणार. ती कधी बोलली नाही, मीही बोलले नाही. मडकं परत केलं असतं तर बोलावं लागलं असतं.”

मग तिनं फोटोकडे पाहिलं. “विरजण कासिमिराचं आहे,” म्हणाली. “नाव तिचं घ्या.”

म्हातारा सिप्रियानो पुन्हा उठला. रीत म्हणजे रीत. पेले पुन्हा भरायला लावले, पुन्हा विचारलं, आणि या वेळी मेलितोनच्या तोंडून शब्द फुटेना म्हणून गुमेर्सिंदानंच ते नाव घेतलं. मग ती प्यायली, सबंध पेला, एका दमात, आणि रडत रडत प्यायली. मी मनातल्या शिव्या मनातच परत घेतल्या. कार्निव्हलच्या भांडणात खरं कोण होतं ते आजही कुणाला माहीत नाही, आणि त्या दिवसानंतर कुणी विचारलंही नाही.

मेलितोन मडकं हातात घेऊन बाकावर बसला होता. अंगठा तारेवरून फिरवत होता, मागं पुढं. मी शेजारी जाऊन बसले. मला वाटलं, आता तो बायकोबद्दल काहीतरी बोलेल, तिच्या मोठ्या मनाबद्दल, किंवा इतकी वर्षं तिनं त्यालाही सांगितलं नाही याबद्दल. तो हसायला लागला. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“कोमाद्रे,” म्हणाला, “आणि मी त्या बिचाऱ्या कुत्र्याला किती शिव्या दिल्या हो.”